मेहुण्यांचा ‘अनलॉक्ड’ आयफोन : घ्यावा की नको?

पत्र : माझं चिपळूणला हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. बारावीला चांगले मार्क पडले तर आयफोन 17 प्रो घेऊन देईन, असं मी बोलून बसलो होतो, आणि तिने ते लक्षात ठेवलं. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो, गणपतीला येतोय. तो म्हणतो, “भावजी, इथून अनलॉक्ड फोन आणतो, 30 हजार वाचतील.” त्याच्या मोबाइल कंपनीची नव्या फोनवर ‘फुकट’ ऑफरही आहे म्हणे. दुसरीकडे शेजारच्या मुलाने अमेरिकेहून आणलेला आयफोन कपाटात पडून आहे, कारण त्यात सिम घालायला जागाच नाही. माझा चुलत भाऊ दुबईला आहे. त्याचं म्हणणं, अमेरिकेचं सोड, दुबईच्या फोनला सिमचा ट्रे असतो, आणि वहिनींसाठी सॅमसंगही मीच आणतो. इथला मोबाइलवाला म्हणतो, बाहेरचा फोन घेऊच नका, वॉरंटी मिळत नाही. कुणाचं ऐकू?
– र. म., चिपळूण

र. म. साहेब, नमस्कार.

सगळ्यात आधी ती फुकटची ऑफर डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या फोन फुकट देतात म्हणजे काय करतात, तर फोनची किंमत हप्त्यांत वाटतात आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच सूट देतात. एटी अँड टी आणि व्हेरायझनकडे हे प्रकरण 36 महिने चालतं, टी-मोबाइलकडे बहुधा 24. एटी अँड टी काय, टी-मोबाइल काय, फोनचे सगळे पैसे फिटल्याशिवाय त्याचं कुलूप, म्हणजे फक्त त्यांचंच सिम चालू देणारं बंधन, काढत नाहीत. ‘अनलॉक्ड’ म्हणजे हे कुलूप नसलेला फोन. म्हणजे तो फोन तुमच्या लेकीच्या हातात आला तरी त्यावर जिओ किंवा एअरटेल चालणार नाही. मेहुण्यांनी एकरकमी पैसे भरून कुलूप काढून घ्यायचं ठरवलं, तर उरलेल्या महिन्यांची सूट बहुतेक वेळा जाते. मग ते फुकट कसलं? कुणी म्हणेल, चिपळुणात आणल्यावर कोड मारून उघडून घेऊ. पूर्वी कुलूपबंद आयफोनमध्ये सिमखाली एक पातळ चिप सरकवून काम भागवायचे. ज्या फोनला ट्रेच नाही, त्यात ती चिप घालणार कुठे?

मेहुण्यांना सांगायचं ते एवढंच : अ‍ॅपलच्या स्वतःच्या दुकानातून किंवा साइटवरून, पूर्ण पैसे भरून घ्या, आणि मोबाइल कंपनी निवडायचा प्रश्न आला की ‘कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर’ हाच पर्याय निवडा. मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत स्वस्त दिसला तरी तिकडे जाऊ नका. अशा दुकानांतले काही फोन वरकरणी मोकळे असतात, पण ज्या कंपनीचं सिम त्यात पहिल्यांदा चालू होईल तिच्याशी गपचूप बांधले जातात. गड्याने प्रामाणिकपणे मोकळा फोन म्हणून आणलेला असतो आणि इथे आल्यावर तो सिम घेत नाही. दोष कुणाचा म्हणायचा?

फोन हातात आला की मेहुण्यांनी तिथेच तपासायचं. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं आलं पाहिजे. त्याच पानावर वरच्या बाजूला मॉडेल नंबर असतो. त्याचं पहिलं अक्षर ‘एम’ असेल तर फोन नवा, ‘एफ’ असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला, ‘एन’ असेल तर बदली म्हणून दिलेला. शेवटी ‘एलएल/ए’ असेल तर अमेरिकेचा, ‘एचएन/ए’ असेल तर आपल्याकडचा. या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. नातेवाइकाकडे पुरावा मागायला संकोच वाटत असेल तर सांगा की लेकीने मागितलाय.

आता शेजारच्या मुलाच्या फोनबद्दल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना 2022च्या आयफोन 14पासून सिमचा ट्रेच नाही. ते फक्त ई-सिमवर चालतात. म्हणजे प्लास्टिकचं कार्ड नाही, नंबर फोनच्या आतल्या चिपमध्ये उतरवायचा. जिओ, एअरटेल, व्ही तिघेही ई-सिम देतात, प्रीपेडलासुद्धा. तेव्हा त्या मुलाचा फोन बिघडलेला नाही, कपाटातून काढायला सांगा. आधी कॅरिअर लॉकची ओळ बघायची. मोकळा असेल तर आपल्या मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा गॅलरीत जाऊन नंबर ई-सिमवर करून घ्यायचा, झालं. लॉक निघाला तर मात्र ज्याने आणला त्यालाच तिकडच्या कंपनीशी बोलावं लागेल, इथे कुणालाही पैसे देऊ नका.

ट्रे काढून टाकल्याने जी जागा मोकळी झाली तिथे अ‍ॅपलने मोठी बॅटरी बसवली आहे. 17 प्रोच्या ई-सिमवाल्या मॉडेलवर व्हिडिओ पाहण्याचे दोन तास जास्त मिळतात, असं अ‍ॅपलच्याच आकड्यांत आहे. पुण्यात लेकीचे दिवसभर कॉलेज, रात्री हॉस्टेल, त्यात ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. उलट बाजूही ऐका. फोन पडला, फुटला, दुरुस्तीला गेला, तर आपण काय करतो? सिम काढतो आणि घरातल्या जुन्या फोनमध्ये घालतो. ई-सिमला ते जमत नाही. पुन्हा कंपनीकडे जा, पुन्हा ओळख पटवा, दुसऱ्या फोनवर नंबर उतरवून घ्या. पुण्यात राहणाऱ्या मुलीला ते अवघड नाही. तुमच्या आईसाठी फोन घेत असतात तर मी सरळ नको म्हटलं असतं.

दुबईच्या चुलत भावाची माहिती एक पिढी जुनी आहे. आयफोन 16पर्यंत दुबईच्या फोनला ट्रे होता, हे खरं. पण 17च्या मालिकेपासून अमिरात, सौदी, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या सगळ्या देशांत आयफोन फक्त ई-सिमचाच मिळतो. जपान, कॅनडा आणि मेक्सिकोतही तेच. रत्नागिरी जिल्ह्यात आखातातून फोन आणायची परंपरा इतकी जुनी आहे, की हा बदल पुष्कळांच्या अजून गावीच नाही.   

नेटवर्कची काळजी 17 प्रोपुरती सोडा. जिओचं 4-जी बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) 3, 5 आणि 40 वर चालतं, 5-जी 700 आणि 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत. अमेरिकन आयफोनमध्ये हे सगळे पट्टे आहेत. हा प्रश्न खरा येतो तो बाहेरच्या स्वस्त अँड्रॉइड फोनांत, आणि विशेषतः जे मॉडेल भारतात कधी विकलंच गेलं नाही त्यांत. जिओकडे 2-जी, 3-जी मुळात नाही. त्यामुळे फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओचं व्होल्टी (4-जीवरून बोलण्याची सोय) चालू नसेल तर इंटरनेट धडाधड चालतं आणि फोन मात्र लागत नाही. लोक मग सिमला शिव्या घालतात. कुणी कौतुकाने असा फोन आणून देत असेल तर एकच प्रश्न विचारा : हेच मॉडेल, याच नंबरचं, भारतात विकतात का?

आता तुमच्या आवडीचा विषय, हिशेब. तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल, पण मेहुण्यांनी सांगितलेला 30 हजारांचा आकडा मला तपासावासा वाटला. 17 प्रो सप्टेंबर 2025मध्ये आला तेव्हा अमेरिकेत किंमत 1099 डॉलर, आपल्याकडे 1 लाख 34 हजार 900. अमेरिकेत पाटीवरची किंमत कराशिवाय असते. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे बिल झालं जवळपास 1172 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर साधारण 1 लाख 5 हजार 500. फरक 29 हजारांच्या घरात, म्हणजे इथपर्यंत मेहुणे बरोबर आहेत.

त्यांनी धरलं नाही ते कस्टम. परदेशातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतात. 2016च्या नियमांत ही मर्यादा 50 हजार होती, 2026च्या नव्या नियमांत ती 75 हजार झाली. त्या वरच्या रकमेवर, वर्षानुवर्षं चालत आलेला 38.5 टक्क्यांचा दर धरला, तर या फोनवर 11-12 हजार रुपये भरावे लागतात. आणि 75 हजार ही मर्यादा एकट्या फोनची नाही हं. मेहुणे भाच्यांसाठी घड्याळ, परफ्यूम, आणखी काय काय आणणार, ते सगळं त्यातच. नवरा-बायको दोघं येत असतील तर दोघांची सूट एकत्र करून एका फोनला लावता येत नाही. निघण्याच्या आठवड्यात मेहुण्यांनी कस्टम खात्याच्या साइटवर चालू आकडे बघून घ्यावेत.

आणखी एक. तुम्ही पत्राच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलंय, “डबा फेकून फोन खिशात घालून आणला तर?” हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. प्रवाशाच्या स्वतःच्या वापरातल्या फोनला शुल्क नाही, हे खरंच आहे. पण तुमच्या लेकीचा नवा कोरा फोन हा मेहुण्यांचा वापरातला फोन होत नाही, आणि मुंबईच्या विमानतळावर अडवलं तर उत्तर त्यांना द्यावं लागेल, तुम्हाला नाही. वर्षाकाठी एकदा गणपतीला येणाऱ्या माणसाला 12 हजारांसाठी तिथे उभं करू नका. डबा, बिल, दोन्ही असू द्या, शुल्काची वस्तू जाहीर करायच्या लाल मार्गाने जाऊ द्या, शुल्क भरलं तर पावती घ्या. पाकिस्तान, तुर्कस्तान अशा देशांत बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारदरबारी नोंदवून कर भरावा लागतो, नाहीतर काही दिवसांनी फोन बंद पडतो. आपल्याकडे प्रवाशाने स्वतःपुरत्या आणलेल्या फोनला ती कटकट नाही, तेवढं समाधान.

तर शुल्क भरून फोन पडला 1 लाख 17 हजारांना. इथे दुकानात बँकेच्या कार्डावर चार-पाच हजार सुटतातच, शिवाय बिनव्याजी हप्ते आणि जुना फोन दिला तर त्याचे पैसे. म्हणजे प्रत्यक्षात वाचतात ते 12-13 हजार. 30 नव्हेत. साध्या आयफोन 17चा हिशेब केलात तर कस्टमच्या आधीचा फरकच सहा-साडेसहा हजारांच्या वर जात नाही. त्याच्यासाठी अमेरिकेपर्यंत हात लांबवण्यात काही अर्थ नाही.

या 12-13 हजारांच्या बदल्यात तुम्ही काय सोडता, ते तुमच्या मोबाइलवाल्याने सांगितलं आहे. त्याला फोन विकायचा आहे म्हणून त्याचं बोलणं खोटं ठरत नाही. अ‍ॅपलच्या वॉरंटीच्या कागदात, फोन जिथे विकला त्याच देशापुरती सेवा मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखला आहे. कुणाला इथे सेवा मिळाली, कुणाला नाही, अशा दोन्ही गोष्टी ऐकू येतील. मिळाली तर बरं, पण हिशेबात धरू नका. शिवाय इथलं बिल असेल तर तुमच्यामागे 2019चा ग्राहक संरक्षण कायदा उभा असतो, जिल्हा आयोगात दाद मागता येते. न्यू जर्सीचं बिल घेऊन रत्नागिरीत कुणाच्या दारात जाणार? आणि तुमच्यासारख्या जीएसटी नोंदणी असलेल्या माणसाला जाता जाता सांगतो. हाच फोन दुकानाच्या कामासाठी, दुकानाच्या नावावर घेतला असतात तर 1 लाख 34 हजार 900 मधले साडेवीस हजार हा जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळालं असतं, म्हणजे तेवढी रक्कम दुकानाच्या जीएसटीतून वजा झाली असती. मग मेहुण्यांच्या ऑफरचा विषयच संपला असता. लेकीच्या फोनवर मात्र तो खेळ करू नका, तुमचा सीएसुद्धा हेच सांगेल.

माझं मत विचाराल तर असं. फोन पुण्यात घ्या. कोरेगाव पार्कात सप्टेंबर 2025पासून अ‍ॅपलचं स्वतःचं दुकान आहे, लेक तिथेच राहते, काही बिघडलं तर रिक्षाने जाईल. आणखी एक जमेची बाजू : आयफोनचं नवं मॉडेल बहुतेक दर वर्षी सप्टेंबरातच येतं आणि आधीच्या मॉडेलचा भाव दुकानांत त्याच सुमाराला उतरतो. गणपतीही तेव्हाच. म्हणजे मेहुणे विमानात बसतील त्याच पंधरवड्यात त्यांच्या पिशवीतला फोन जुना होण्याची शक्यता. दिवाळीपर्यंत लेकीला थांबवता आलं तर थांबवा. प्रोच हवा का, हे तुम्ही मला विचारलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला साध्या 17वर काय अडतं, ते तिलाच विचारून बघा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

तरीही मेहुण्यांचं मन मोडवत नसेल आणि तिकडूनच घ्यायचा ठरला, तर निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका म्हणावं. दोन-तीन आठवडे आधी घ्यायचा, चालू करून बघायचा, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग तपासायचं. तिथे अ‍ॅपलच्या दुकानात माल परत करायला 14 दिवस असतात. चिपळूणहून परत करता येत नाही. चालू करताना स्वतःचा अ‍ॅपल आयडी घालू नये, घातला तर निघण्याआधी नीट साइन आउट करावं, नाहीतर फोन त्यांच्या खात्याला अडकून राहील आणि ते परत गेल्यावर रात्री-बेरात्री त्यांना उठवून पासवर्ड विचारत बसाल. कुरिअरने पाठवतो म्हणाले तर हात जोडून नको म्हणा. प्रवाशाची सूट कुरिअरला लागू नाही.

वहिनींच्या सॅमसंगचं उत्तर सोपं आहे : इथेच घ्या. सॅमसंगची वॉरंटी साधारणपणे देशापुरतीच असते, आणि त्यांच्या मधल्या किमतीच्या फोनांत दुबई आणि चिपळूण यांच्या भावात जीव टाकावा असा फरक नसतो. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या माहेरी फक्त बीएसएनएलची रेंज आहे. बीएसएनएलचं नवं 4-जी 700 मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणजे बँड 28. फोन घेताना दुकानदाराला तो बँड आहे का, एवढं विचारा. भावाने आधीच घेऊन ठेवला असेल तर डब्यावरचं लेबल वाचायला सांगा. सॅमसंगचे बरेच फोन ज्या भागासाठी बनवले तिथलंच सिम घालून, पाच मिनिटांहून जास्त बोलणं झाल्याशिवाय दुसऱ्या भागातलं सिम घेत नाहीत. दुबईतच त्याने स्वतःचं सिम घालून घरी एक लांबलचक फोन करावा. गणपतीची यादी सांगायला पाच मिनिटं अशीही पुरणार नाहीत.

शेवटचं, आणि हे ई-सिमचा फोन घेतलात तरच. लेकीचा नंबर कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. अठरा व्हायच्या आधी घेतलेला असेल तर तुमच्याच नावावर असणार. मग गॅलरीत अंगठा तुमचा लागेल, आणि ती पुण्यात, तुम्ही चिपळुणात. ती सुट्टीला घरी असतानाच काम उरका, किंवा आधी नंबर तिच्या नावावर करून घ्या. सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाही. यूपीआय नव्या फोनवर नव्याने नोंदवावं लागतं आणि सुरुवातीला रकमेला मर्यादा असते. तेव्हा कॉलेजची फी, मेसचे पैसे, परीक्षेचा फॉर्म असं काही त्या दिवशी ठेवू नका, तिच्याजवळ हजार-दोन हजार रोख असू द्या. आणि जुना फोन लगेच धाकट्याला देऊन टाकू नका. बँकेची, कॉलेजची, आधारची सगळी अ‍ॅप नव्यावर चालू झाली की मग द्या.